स्लॅबवर सापडेल तो

शाहूपुरी, कोल्हापूर
२० सप्टेंबर १९९९

अक्का,

आधी पाया पडतो, मग बोलतो. परवा तुमच्या दूध संस्थेत पेटी बसवली आणि एस.टी. गाठायच्या गडबडीत तुला धड काही सांगितलंच नाही. दाजी सचिव असले तरी त्यांना सांगून उपयोग नाही. ते 'हां हां' म्हणतात आणि पुन्हा फॅटच्या आकड्यांत डोकं घालतात. फोन करावा तर संस्थेचा फोन गणपतीपासून मुका आहे. म्हणून लिहितो. हे पत्र जपून ठेव.

संस्थेच्या स्लॅबवर टीव्हीची जी डिश आहे, तिच्या तोंडासमोर जो डबा असतो त्याला एलएनबी म्हणतात. श्रावणात तुमच्याकडून चोरीला गेला तोच. ज्या वायरनं चित्र खाली येतं, त्याच वायरनं वीज वर त्या डब्याला जाते. एरवी ती वीज रिसीव्हर देतो. पण तुमच्याकडची लाइट जाते तेव्हा जाते आणि येते तेव्हा रिसीव्हर जाळायलाच येते. म्हणून मी मधे माझी पेटी घातली. आत बॅटरी आहे. रिसीव्हरला तीच सांभाळते आणि वरच्या डब्याला वीजही तीच देते. आणि देता देता लक्ष ठेवते. वीज वर जाते आहे तोवर गप्प. कुणी वायर तोडली किंवा डबा सोडवला की वीज जायची थांबते आणि सायरन होतो. अक्का, हे माझ्या डोक्यातून निघालं आहे, कुठल्या पुस्तकातून नाही. नाव ठेवलंय 'राखणदार'. अप्पा मात्र तिला भुंकणारं खोकं म्हणतात. चांगलं रेडिओचं दुकान सोडून हा काय उद्योग, असं दिवसातून एकदा तरी ऐकवतात.

आता मुख्य गोष्ट. सायरन झाला की बटण शोधत बसू नका, आधी जिना धरा. स्लॅबवर जायला जिना एकच आहे. स्लॅबवर जो सापडेल तो तुमचा चोर. माणूस खोटं बोलेल, पेटी बोलणार नाही.

आमच्याकडचे केबलवाले यशराजराव पेटी बघायला येणार आहेत. त्यांच्या डिश गावभर पसरलेल्या आणि चोऱ्याही तशाच. त्यांनी मनावर घेतलं तर तुझ्या भावाचं नाव होईल. तुझा आशीर्वाद असू दे.

शशिधर

---

आंबेखोल, ता. राधानगरी
२१ ऑक्टोबर १९९९

तम्मा,

सुखात राहा, आणि पुढच्या वेळी अक्षर जरा मोठं काढ. तुझं पत्र मी गव्हाच्या डब्यात ठेवलं आहे. तुझे दाजी म्हणतात, बहिणीला पत्र लिहितोय की कॉलेजात शिकवतोय.

खंडेनवमीला तू इथं हवा होतास. त्या दिवशी इथं विळे, खुरपी, नांगर सगळ्याची पूजा असते आणि संस्थेत दुधाचे कॅन आणि वजनकाटा मांडतात. यंदा चेअरमन सयाजीराव म्हणाले, "डिश आन पेटीबी मांडा. आन पूजा वैनी करनार. भाऊ कुनाचा हाय?" मी एरवी संस्थेची पायरी चढत नाही, पण त्या दिवशी नवी इरकल नेसून जिना चढले. खाली सगळं गाव माना वर करून उभं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

पूजा अगदी नीट केली. तू डब्याच्या जोडावर काळी टेप गुंडाळली होतीस, ती सोडवली. कुंकू टेपला लावून काय उपयोग, ते लोखंडाला लागलं पाहिजे. हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, नारळ कठड्यावर फोडला आणि पाणी डब्यावर, जोडावर, सगळीकडं शिंपडलं. टेप परत गुंडाळली, पण तिचा चिकटा गेला होता, म्हणून वरून दोरा बांधला. काळजी करू नकोस, चित्र छान येतंय.

विघ्न एकच, केरबा. तुला आठवत असेल, पेटी बसवताना खालून ओरडत होता तो. संस्थेच्या मागंच त्याचं घर. तोंड असं की पलीकडच्या वाडीत ऐकू जावं. सभासदांना वाटायच्या दूध-फरकाच्या पैशांतून डिश घ्यायला सभेत एकट्यानं विरोध केला होता. पूजेच्या वेळीही सुरू झाला. "ताटलीला हळदकुंकू व्हतंय, आन संस्थेत पेंडीचं पोतं न्हाई. येक दिस उपटून टाकतो बगा ही ताटली." लोक हसले. संध्याकाळी बातम्यांना सगळ्यांत पुढं मांडी घालून बसलेला असतो तोच. त्याच्या बायकोचा, चिमणाबाईचा स्वभाव मात्र शांत. मला अधूनमधून खरवसाला चीक आणून देते.

नारळाचा तुकडा तुझ्यासाठी ठेवला होता, पण मुंग्या लागल्या.

तुझी अक्का

---

शाहूपुरी
१ नोव्हेंबर १९९९

अक्का,

तुझं पत्र दुकानात उभ्या उभ्या वाचलं आणि खिशात घातलं. पूजा केलीत, छान झालं. इरकल नेसून स्लॅबवर चढलेली तू डोळ्यांसमोर आलीस आणि एकटाच हसलो.

यशराजराव येऊन गेले. मी त्यांच्यासमोर आमच्या गच्चीवर वायर तोडली आणि सायरन असा झाला की खालच्या चहावाल्यानं किटली टाकली. त्यांना आवडलं. पण माणूस पक्का आहे. म्हणाले, "तोडणारा तूच, धरणारा तूच. खऱ्या चोराला कधी धरलंय का हिनं?" मी म्हणालो, आंबेखोलला संस्थेत बसवून महिना झाला, एकही चोरी नाही. ते म्हणाले, "चोरी न्हाई झाली हे माझ्याकडं पन सांगता येतंय की. धरल्याचं दाखव."

आता चोर काय मागवून आणू? हसू नकोस. पण इकडं असा अडकलो आहे. अप्पांनी कालपासून माझ्याशी बोलणं सोडलं आहे. दिवाळीला येत नाही, रागावू नकोस.

शशिधर

---

आंबेखोल
१६ नोव्हेंबर १९९९

तम्मा,

धरलं. तुझ्या राखणदारानं चोर धरला.

शनिवारी दुपारी ध्यानीमनी नसताना पावसाची सर आली. मळणीचे दिवस, सगळ्यांचं भात खळ्यावर उघडं. बायका-माणसं ताडपत्र्या घेऊन शिवारात पळाली. गावात चिटपाखरू नव्हतं. मी संस्थेसमोरच्या आमच्या दुकानात एकटी. सर थांबली आणि थोड्या वेळात सायरन सुरू झाला. पायरीवर येऊन बघते तर स्लॅबवर केरबा, डब्याच्या जोडाला हात घालून उभा. गडबडीत आधी काय आणि मागून काय, हे कुणाला सांगता येतं? शिवारातून माणसं पळत आली, जिना धरला आणि त्याला खाली ओढला. सदऱ्याची बाही फाटली.

संध्याकाळी संस्थेत सभा झाली. केरबा म्हणाला, "म्हस व्यालीया म्हून मी घरात व्हतो. भोंगा बोंबलला म्हून चोर धराय चढलो. तुमी मलाच धरताय व्हय?" सयाजीरावांनी विचारलं, "मग चोर कुटं हाय?" त्यावर तो म्हणाला, "मला काय म्हाईत. मी गेलतो तवा कोन न्हवतं." लोक हसायला लागले. उपटून टाकतो म्हणाला होता, ते सगळ्यांना आठवत होतंच. कुणीतरी म्हणालं, पेटी चुकली तर नसेल? तेव्हा तुझ्या दाजींनी मला तुझं पत्र आणायला सांगितलं. मी ते सगळ्यांसमोर वाचलं. स्लॅबवर जो सापडेल तो तुमचा चोर. माणूस खोटं बोलेल, पेटी बोलणार नाही. मग सभेनं तिथंच निकाल दिला.

केरबाचं दूध बंद केलं आहे. तू शहरात राहतोस, तुला ह्याचं वजन कळायचं नाही. इथं संस्थेनं किटली परत पाठवली की घर गावातून उठल्यासारखं होतं.

यशराजरावांसाठी संस्थेच्या कागदावर पत्र घेतलं आहे, तुझ्या दाजींची सही, सयाजीरावांचा शिक्का. पेटीनं चोर धरला असं साफ लिहिलं आहे. सोबत पाठवते. आता अप्पांना दाखव.

चिमणाबाई आज सकाळी किटली घेऊन दुकानावरून गेली. पलीकडच्या वाडीत घालायला निघाली होती. मी हाक मारली. तिनं ऐकलं नसावं.

तुझी अक्का

---

शाहूपुरी
२७ नोव्हेंबर १९९९

अक्का,

संस्थेचं पत्र यशराजरावांना दाखवलं. त्यांनी तिथल्या तिथं होकार दिला. आधी त्यांच्या सगळ्या मोठ्या डिशना पेट्या बसवायच्या, मग इचलकरंजीच्या केबलवाल्याशी गाठ घालून देणार. एका पेपरात फोटो येणार आहे. अप्पांनी पत्र चष्मा लावून वाचलं आणि मला शेजारी जेवायला बसवलं.

काही गोष्टी उगाच विचारतो. पेटी सुधारायची म्हणून. वायर तुटलेली होती का? डबा सोडवलेला होता का? जोडाचा पितळी भाग कसा दिसतो, त्यावर काही रंग चढलाय का? त्या दिवशी चित्र परत कसं आलं, कुणी काही केलं की आपोआप? आणि सर कितीशी होती?

एवढं फक्त मला लिही. दाजींना हे पत्र दाखवायची गरज नाही.

शशिधर

---

आंबेखोल
९ डिसेंबर १९९९

तम्मा,

तुझ्या पत्राला लगेच उत्तर लिहिलं नाही, कारण आधी वर जाऊन बघायचं होतं आणि वर जायला निमित्त मिळत नव्हतं. शेवटी पापड वाळत घालते म्हणून गेले.

वायर तुटलेली नाही. डबा जागच्या जागी आहे. केरबाच्या हातात त्या दिवशी काहीच नव्हतं, पक्कड नाही, विळा नाही. हे तेव्हा कुणी विचारलं नाही. मीही नाही. माझा दोरा कुजून तुटलाय आणि टेप लोंबते आहे. पितळेवर हिरवट पांढरं काहीतरी धरलं आहे, ठेवणीतल्या तांब्याच्या भांड्यावर धरतं तसं. त्यात कुंकू अडकलेलं दिसतं. चित्र त्या दिवशी संध्याकाळी आपोआप आलं. आम्हाला वाटलं पेटीनंच आणलं. सर मोठी नव्हती, पण जोराची होती.

सगळं लिहिलं. आता तू लिही, हे का विचारतोस? दाजींना दाखवू नको म्हणालास तेव्हापासून मला जेवण जात नाही.

केरबाचं सांगते. पोरं त्याला बघितलं की तोंडानं सायरन काढतात. कुणी त्यांना दटावत नाही, उलट मोठी माणसं गालात हसतात. पहिल्यांदा तो अंगावर धावून गेला. आता जात नाही. खाली बघून चालतो. गावातलं सगळ्यांत मोठं तोंड, पण त्याचा आवाज मी महिनाभर ऐकलेला नाही. टीव्ही बघायला येत नाही हे सांगायला नकोच.

खरं लिही.

तुझी अक्का

---

शाहूपुरी
२२ डिसेंबर १९९९

अक्का,

तू फार मनाला लावून घेतेस. यंत्र म्हटलं की शंभर गोष्टी असतात, म्हणून विचारलं. जोड कोरड्या फडक्यानं पुसून नवी टेप घट्ट गुंडाळून घे, सोबत पाठवली आहे. ती सोडू नकोस.

केरबांबद्दल वाईट वाटतं. दाजींना सांगून त्यांचं दूध परत सुरू करायला लाव. झालं गेलं, माणुसकी म्हणून एकदा माफ करा म्हणावं. मागचं उकरून कुणाचं भलं होणार नाही. इथं पेट्या बसायला लागल्या आहेत. फोटो आला, कात्रण पाठवतो.

घाईत आहे.

शशिधर

---

आंबेखोल
१७ जानेवारी २०००

शशिधर,

तुझी टेप मिळाली, कात्रणही मिळालं. फोटोत तू चांगला दिसतोस.

माफ करा म्हणावं, असं तू लिहिलंस. कुणी कुणाला? ते वाक्य वाचलं आणि मला सगळं कळलं. ज्याला माणूस निर्दोष आहे हे पक्कं ठाऊक असतं, तोच इतक्या घाईनं त्याला माफ करायला सांगतो.

मग मी काय केलं ते सांगते. काल सकाळी संकलनाच्या वेळी, सगळं गाव किटल्या घेऊन रांगेत असताना, मी दुकानातून तांब्याभर पाणी घेऊन निघाले आणि जिना चढले. तुझी नवी टेप मी लावलीच नव्हती. जोडावर पाणी ओतलं. थोडा वेळ काही झालं नाही. मग तुझा राखणदार बोंबलला.

सगळे धावले. जिना धरला. वर आले तर स्लॅबवर मी.

मला कुणी चोर म्हटलं नाही, तम्मा. सयाजीराव म्हणाले, "वैनी, घसरला असता की." एकानं हात धरून मला कठड्यापासून बाजूला घेतलं. एकीनं पदर सारखा केला. खाली आणून खुर्ची दिली आणि चहा मागवला. तुझे दाजी म्हणाले, पेटी बिघडली वाटतं. पेटी तीच, वाजली तशीच, स्लॅबवर सापडले मी, आणि तरी बिघडली पेटी. मला तेव्हा इतकी लाज वाटली की ती खुर्ची अंगाला चावायला लागली. माझ्या हातात तर तांब्याही होता. केरबाच्या हातात काहीच नव्हतं.

मी उभी राहून सगळं सांगितलं. टेप मी सोडली, नारळाचं पाणी मी ओतलं, त्यानं जोड खराब झाला, सर आली, पाणी आत गेलं आणि पेटी वाजली. आणखी एक सांगितलं, जे तुलाही लिहिलं नव्हतं. त्या दिवशी मी सायरन आधी ऐकला. मग केरबाच्या घरातून आरोळी ऐकली, "कोन हाय रं वर?" मग जिन्यावर त्याची पावलं वाजली. हे सगळं मी पायरीवर येता येता ऐकलं होतं. सभेत तुझं पत्र वाचताना ते माझ्या डोक्यात होतं. पण सगळे माझ्याकडं बघत होते, भाऊ कुणाचा हाय म्हणून, आणि तुला चोर हवा होता. मी पत्र वाचलं आणि खाली बसले. माझी जीभ झडायला हवी होती.

सयाजीराव पायातल्या वहाणेकडं बघत होते. मग संस्थेनं ठरवलं की केरबाला मानानं बोलावून दूध सुरू करायचं. दोघं जण त्याच्या घरी जाऊन आले. तो म्हणाला, "माजं दूध तिकडं लागलंय. ऱ्हाऊ द्या."

एक गोष्ट मी वरून बघितली, ती तुला सांगायलाच हे पत्र लिहिते आहे. सायरन झाला तेव्हा गावातलं झाडून सगळं माणूस धावलं. केरबा मागच्या कट्ट्यावर म्हशीचं दावं वळत बसला होता. सगळ्यांत जवळचं घर त्याचं. मी स्लॅबवरून त्याच्याकडंच बघत होते. त्यानं मान वर केली नाही.

तू ये. पत्र लिहू नकोस, ये.

अक्का

---

शाहूपुरी
८ फेब्रुवारी २०००

अक्का,

घरी पोचलो. एस.टी.त खिडकीशी बसून राधानगरीपासून कोल्हापूरपर्यंत तोंड बाहेर ठेवून आलो. शेजारच्या माणसाला वाटलं गाडी लागते आहे.

तू सगळ्यांसमोर सांगितलंस, तरी माझं मी सांगणं राहिलंच होतं. संस्थेत उभा राहून ते सांगितलं, तू ऐकलंस. पूजेचं तू लिहिलंस, ते मी खिशात घातलं होतं. केरबांना धरल्याचं पत्र आलं, त्यात सर आल्याचं वाचलं आणि जुनं पत्र काढून पुन्हा वाचलं. त्याच क्षणी मला कळलं होतं. माझी पेटी दोनच गोष्टी ओळखते, वीज जाते की नाही जात. जोडात पाणी शिरून शॉर्ट झालं तरी ती वीज थांबवते आणि पक्कड लागली तरी वीज थांबतेच. पाणी आणि पक्कड यांतला फरक तिला कळत नाही. तो कळवायचं काम माझं होतं. मी इथल्या कोरड्या गच्चीवर पेटी तपासली आणि राधानगरीत नेऊन बसवली, आणि पावसावर माझ्याकडं उत्तर काय, तर वीतभर टेप. ती टेप कशासाठी आहे हेही मी तुला सांगितलं नव्हतं. तू ती सोडलीस यात तुझी चूक नाही. मी मात्र सगळं कळल्यावर तुला पाच प्रश्न विचारले आणि संस्थेचं पत्र यशराजरावांना दाखवलं. दाखवताना जराही अडखळलो नाही. त्याचीच आता जास्त शरम वाटते.

काल यशराजरावांकडून ते पत्र परत घेतलं आणि कारणही सांगितलं. ते म्हणाले, "आता सांगतोस? पेट्या काडून न्हे." आणली आहेत सगळी खोकी. दुकानात उतरंड लावली आहे. अप्पा त्यांच्याकडं बघत नाहीत आणि माझ्याकडंही. भुंकणारं खोकं म्हणाले असते तर बरं वाटलं असतं.

एकच समाधान घेऊन आलो. केरबांच्या दारात जायची मला फार भीती होती. मी पाया पडायला वाकलो तेव्हा त्यांनी पाय मागं घेतले, म्हणाले, "ऱ्हाऊ दे पावनं, बसा." एवढंच बोलले. पण चिमणाबाईंनी चहा दिला. गुळाचा, कोरा, आलं घातलेला. खरं सांगतो, तो मी शेवटच्या थेंबापर्यंत प्यालो. ज्याला राग धरायचा आहे तो दारातल्या माणसाला चहा देत नाही. आपण गावातल्या माणसांना उगाच कठोर समजतो. तू मात्र एक घोट घेऊन कप खाली ठेवलास, ते बरं दिसलं नाही. त्यांनी एवढ्या मनानं दिला होता.

मिटलं म्हणायचं का, अक्का?

शशिधर

---

आंबेखोल
१६ फेब्रुवारी २०००

तम्मा,

तू आलास, सगळ्यांसमोर बोललास, ते बरं केलंस. त्याबद्दल मी तुला नावं ठेवणार नाही. पण मिटलं का असं विचारतोस, म्हणून लिहावं लागतं.

आपण त्या घरी गेलो तेव्हा गोठ्यात म्हैस रवंथ करत होती. दिवाळीच्या सुमारास व्यालेली, दोन्ही वेळा भरपूर दूध देणारी. चुलीशेजारी दुधाचं पातेलं झाकून ठेवलेलं मी बघितलं. ज्या घरात दुभतं जनावर आहे त्या घरात पाहुण्याला कोरा चहा देत नाहीत. ज्यांच्या घरी दूध नसतं तेसुद्धा शेजारून वाटीभर मागून आणतात. तुला ते ठाऊक नाही, म्हणून तू बशीत ओतून प्यालास. मला ठाऊक होतं. माझ्या घशाखाली उतरला नाही.

तू गेल्यावर मी एकटी परत गेले. चिमणाबाई अंगण सारवत होती. मी विचारलं, "चिमणाबाई, चहात दूध का घातलं न्हाईस?" तिनं हात थांबवला नाही. म्हणाली, "चोराच्या घरचं दूध पावन्यास्नी कसं द्यायचं, वैनी? संस्थेत चालत न्हवतं ते तुमास्नी कसं चाललं असतं?"

रागानं म्हणाली असती तर मी ऐकून घेतलं असतं. पण तिचा आवाज नेहमीचाच होता. ह्याच बाईनं मला किती वेळा चीक आणून दिला आहे.

संस्थेनं पेटी काढून ठेवली आहे. डिश आहे. पोरांचं सायरन काढणं बंद झालं, सयाजीरावांनी स्वतः एकाला चपराक दिली. केरबा अजून पलीकडच्या वाडीतच दूध घालतो. परवा दुकानात तंबाखूला आला होता. मी पुडी दिली, त्यानं घेतली. संस्थेवर, पेंडीवर, सरकारवर काहीतरी बोलेल म्हणून मी वाट बघत राहिले. तो नुसता मान हलवून गेला.

मी आता एक करते. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी, रांग लागलेली असते तेव्हा, तांब्या घेऊन संस्थेसमोरून त्यांच्या दारात जाते आणि म्हणते, चिमणाबाई, घरच्या चहाला पेलाभर दूध दे. ती म्हणते, न्हाई वैनी. मी रिकामा तांब्या घेऊन त्याच रस्त्यानं परत येते. रांगेतले सगळे बघतात. तुझे दाजी पहिल्यांदा रागावले, लोक काय म्हणतील म्हणाले. मी म्हणाले, म्हणू देत, त्या घरचं दूध मी मागते हे त्यांनी बघावं म्हणूनच त्या वेळेला जाते. घरी आम्ही कोरा चहाच पितो.

देईल की नाही, मला ठाऊक नाही. तू पुढच्या खेपेला आलास की तांब्या तुझ्या हातात देणार आहे.

तुझी अक्का